टेनिसचे फटके सुधारणाऱ्या काही वेगळ्या युक्त्या, आणि कोपर सांभाळण्याचे उपाय

मी कन्नडमध्ये जनरल प्रॅक्टिस करतो. चाळिशी ओलांडल्यावर पोट सुटले, रक्तदाब सीमारेषेवर आला आणि रुग्णांना रोज दिला जाणारा व्यायामाचा सल्ला मला स्वतःलाच घ्यावा लागला. दर रविवारी साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जाऊन टेनिस शिकू लागलो. तीन महिन्यांत फटके फारसे सुधारले नाहीत, उजवे कोपर मात्र दुखू लागले. एके दिवशी रुग्णाचा रक्तदाब तपासताना यंत्राचा रबरी फुगा दाबता येईना. तेव्हा कळले, की आपले काहीतरी मुळातच चुकते आहे.

चूक सोपी होती. मी प्रत्येक फटका हाताच्या ताकदीने मारत होतो. टेनिसमध्ये चांगला फटका आणि निरोगी कोपर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ज्या सवयींनी फटका सुधारतो, त्याच सवयींनी कोपरावरचा ताणही कमी होतो. या लेखात अशा काही युक्त्या आहेत. त्या ऐकायला थोड्या विचित्र वाटतील, पण त्यामागे शरीरशास्त्राचे साधे कारण आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- रॅकेट घट्ट धरल्याने फटका जोरात बसत नाही, कोपर मात्र दुखते.
- जोर पायांतून आणि कमरेतून येतो. हात तो फक्त पुढे पोहोचवतो.
- रविवारी एकदम दोन तास खेळण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटे खेळणे चांगले.
- कोपर दुखू लागल्यास खेळ कमी करा आणि व्यायाम सुरू करा. झटपट आरामाच्या इंजेक्शनची घाई करू नका.

फटका मारताना शरीरात काय घडते?

टेनिसच्या चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. तो रॅकेटच्या तारांना फक्त ४ ते ५ मिलिसेकंद टेकतो, म्हणजे सेकंदाचा साधारण दोनशेवा भाग. हाताला बसलेला धक्का मेंदूपर्यंत पोहोचून मेंदूने हाताला नवा आदेश द्यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे चेंडू लागल्याचे तुम्हाला जाणवते, तेव्हा तो रॅकेटवरून निघूनही गेलेला असतो. त्या क्षणी मूठ आवळून चेंडूची दिशा बदलणे शक्य नाही.

मूठ आवळल्याने आणखी एक गोष्ट घडते. बोटांनी काहीही पकडताना मनगट स्थिर ठेवावे लागते. ते काम हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू करतात. हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या हाडाच्या उंचवट्याला एका कंडऱ्याने, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्ट्याने, जोडलेले असतात. मूठ जितकी घट्ट, तितका या कंडऱ्यावर ताण अधिक. त्यात दर फटक्याच्या धक्क्याची भर पडते. हीच जागा दुखू लागली, की त्याला टेनिस एल्बो म्हणतात.

फटके सुधारणाऱ्या आठ युक्त्या

१. लेकराचा हात धरल्यासारखी रॅकेट धरा

आठवडी बाजाराच्या गर्दीत आपण लहान मुलाचा हात कसा धरतो? सुटणार नाही इतका घट्ट, दुखणार नाही इतका सैल. रॅकेटची पकड तशीच हवी. पूर्ण ताकदीला १० गुण दिले, तर दोन फटक्यांच्या मध्ये पकड ३ ते ४ गुणांची असावी. फटक्याच्या वेळी ती आपोआप थोडी घट्ट होते, त्यासाठी वेगळा प्रयत्न लागत नाही.

सरावासाठी जाळीच्या जवळ उभे राहा. रॅकेट फक्त अंगठा आणि पहिल्या दोन बोटांनी धरा आणि हळू चेंडू पलीकडे टाका. दहा-बारा चेंडूंनंतर पूर्ण हाताने धरा. पकड किती सैल ठेवता येते, हे हाताला कळलेले असेल. प्रत्येक गुणानंतर रॅकेट दुसऱ्या हातात घेण्याची सवय लावा. तेवढीच स्नायूंना विश्रांती मिळते.

२. गोफण आठवा

आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या शेतात पाखरे हाकलायला गोफण फिरवतात. चांगली गोफण मारणारा माणूस नुसता दंड वापरत नाही. तो पाय रोवतो, कंबर वळवतो, मग खांदा येतो आणि शेवटी हात. दगड लांब जातो तो या क्रमामुळे. टेनिसचा फटकाही असाच बसतो. सर्व्हिसवर झालेल्या अभ्यासात असे दिसले आहे, की एकूण जोराचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पाय, नितंब आणि धड यांतून येतो. तो मिळाला नाही, तर भरपाई खांदा आणि कोपराला करावी लागते.

सराव असा करा. रॅकेट दोन्ही हातांनी छातीशी धरा. चेंडू येतो आहे अशी कल्पना करून गुडघे थोडे वाकवा, खांदे बाजूला वळवा आणि मग कंबर पुढे फिरवा. हात हलवायचेच नाहीत. असे वीस वेळा केल्यावर खरा फटका मारा.

३. चेंडूबरोबर मोठ्याने बोला

चेंडू जमिनीवर पडला की “टप्पा” म्हणायचे आणि तुमच्या रॅकेटला लागला की “फटका”. बस, इतकेच. टिमोथी गॉलवी या अमेरिकन प्रशिक्षकाने १९७४ मध्ये लिहिलेल्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या पुस्तकामुळे ही पद्धत जगभर पोहोचली. “कोपर वर, मनगट सरळ, पाय पुढे” अशा सूचना मनात घोळत राहिल्या, की स्नायू आखडतात. शब्द चेंडूच्या वेळेवर म्हणायचे ठरवले, की लक्ष चेंडूवर राहते आणि फटका वेळेवर बसतो. शेजारच्या कोर्टवरचे लोक बघतील. बघू द्या.

४. फटक्याबरोबर श्वास सोडा

बरेच नवशिके फटका मारताना श्वास रोखून धरतात. त्यामुळे मान, खांदे आणि मूठ आवळली जाते. चेंडूला रॅकेट लागताना तोंडाने “हू” असा श्वास सोडा. लाकूड फोडणारा माणूस घाव घालताना जो आवाज काढतो, तो याचसाठी. खेळाडूंवरच्या काही अभ्यासांत अशा हुंकारासह मारलेल्या चेंडूचा वेग थोडा वाढल्याचेही आढळले आहे. रक्तदाब असणाऱ्यांनी तर जोर लावताना श्वास रोखू नयेच. त्याने रक्तदाब क्षणभर आणखी वाढतो.

५. चेंडू गेल्यावरही नजर तिथेच ठेवा

फटका मारल्यावर चेंडू कुठे गेला हे पाहायची घाई होते. मान वर येते, खांदा उघडतो आणि चेंडू रॅकेटच्या मधोमध न लागता कडेला लागतो. कडेला लागलेला चेंडू रॅकेट हातात पिळतो आणि तो धक्का थेट कोपराला बसतो. रॉजर फेडररचे फटक्याच्या क्षणाचे कोणतेही छायाचित्र पाहा. त्याचे डोके रॅकेट-चेंडू भेटीच्या जागेकडे वळलेले दिसेल. चेंडू गेल्यावरही त्या जागेकडे पाहत मनात “एक” म्हणा, मग मान उचला.

६. बॅकहँडला दुसरा हात द्या

टेनिस एल्बोचा बॅकहँडशी जवळचा संबंध आहे. एका हाताने बॅकहँड मारणाऱ्या निष्णात आणि नवशिक्या खेळाडूंची तुलना झाली, तेव्हा एक फरक स्पष्ट दिसला. निष्णात खेळाडूंचे मनगट फटक्याच्या वेळी किंचित मागे वळलेले होते. नवशिक्यांचे ते तळहाताच्या बाजूला दुमडलेले होते आणि चेंडू लागल्यावर आणखी दुमडत होते. त्या झटक्याने कोपराची कंडरा ताणली जाते.

प्रौढ वयात टेनिस सुरू करत असाल, तर बॅकहँड दोन हातांनीच शिका. सरावाची युक्ती अशी: उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी रॅकेट फक्त डाव्या हातात धरून दहा-पंधरा चेंडू हळू मारावेत, मग उजवा हात खाली आधाराला लावावा. दोन हातांच्या बॅकहँडमध्ये मुख्य काम डाव्या हाताचेच असते.

७. सर्व्हिसचा चेंडू चहाच्या पेल्यासारखा उचला

सर्व्हिस बिघडते ती बहुधा चेंडू वर टाकताना. चेंडू बोटांच्या टोकांवर, भरलेला चहाचा पेला धरल्यासारखा धरा. मनगट न झटकता सरळ हात वर न्या आणि हात डोळ्यांच्या वर गेल्यावर चेंडू सोडा. फटका न मारता चेंडू खाली पडू द्या. तो पुढच्या पायाच्या साधारण एक फूट पुढे पडायला हवा. दहापैकी आठ चेंडू तिथे पडेपर्यंत रॅकेट उचलू नका. मागे किंवा डोक्यावर पडणाऱ्या चेंडूमागे धावताना पाठ आणि खांदा दुखावतो.

८. कोर्ट नसेल तर भिंतीवर खडूची रेघ मारा

तालुक्याच्या गावी कोर्ट मिळेलच असे नाही. भक्कम भिंत असली तरी पुरते. टेनिसची जाळी मध्यभागी ३ फूट आणि खांबांजवळ साडेतीन फूट उंच असते. भिंतीवर ३ फुटांवर एक आणि ६ फुटांवर दुसरी रेघ मारा. चेंडू या दोन रेघांच्या मध्ये लागला पाहिजे. नवशिके जाळीला घासून चेंडू मारायला जातात आणि निम्मे चेंडू जाळीत घालवतात.

कोर्टवर गेल्यावर बहुतेक फटके तिरके मारा. एकेरीचे कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि ८.२३ मीटर रुंद असते. त्यामुळे कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेल्या चेंडूला सुमारे १.४ मीटर जादा जागा मिळते आणि तो जाळीच्या सखल भागावरून जातो. ताकद न वाढवता चुका कमी करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग.

रॅकेट, गटिंग आणि चेंडू

- मुठीची जाडी: रॅकेट नेहमीसारखी धरा. बोटांची टोके आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. मूठ फार बारीक किंवा फार जाड असेल, तर ती जास्त आवळावी लागते.
- गटिंग: पॉलिस्टरची कडक तार रोज खेळणाऱ्या स्पर्धकांसाठी ठीक. हौशी खेळाडूने मऊ तार घ्यावी आणि ताण नेहमीपेक्षा २-३ पौंड कमी ठेवायला सांगावे. सैल गटिंगमध्ये चेंडू अधिक सहज उडतो आणि हाताला धक्का कमी बसतो.
- चेंडू: मुलांच्या सरावासाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे संथ चेंडू मिळतात. हिरव्या ठिपक्याचा चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे २५ टक्के संथ असतो. मोठ्यांनीही पहिले काही महिने तो वापरायला लाजू नये. ओला झालेला चेंडू आणि क्रिकेटसाठी मिळणारा जड टेनिस बॉल मात्र रॅकेटने मारू नका.

कोपर दुखू लागले तर?

टेनिस एल्बो साधारण ३५ ते ५५ या वयात जास्त दिसतो. नावात टेनिस असले, तरी बहुतेक रुग्णांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते. माझ्या दवाखान्यात हे दुखणे घेऊन येतात ते गवंडी, सुतार, धारा काढणारे, आले काढणीच्या हंगामात राबणारे मजूर आणि रोज कपडे पिळणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या बायका. घट्ट पकड आणि मनगटाची तीच ती हालचाल हे सगळ्यांचे समान कारण.

लक्षणे ओळखायला सोपी आहेत. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट दाबल्यावर दुखते. पाण्याची भरलेली कळशी उचलताना, दाराची कडी फिरवताना किंवा हस्तांदोलन करताना कळ येते.

मोठ्या खेळाडूंनाही हे चुकलेले नाही. सचिन तेंडुलकर २००४ मध्ये डाव्या कोपराच्या टेनिस एल्बोमुळे अनेक सामने खेळू शकला नाही. मे २००५ मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध पुनरागमन करताना त्याने ९३ धावा केल्या. पण यावरून शस्त्रक्रिया हाच उपाय, असे समजू नका. बहुतेक रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात.

घरी करायचा व्यायाम

१. खुर्चीवर बसा. पुढचा हात टेबलावर, तळवा जमिनीकडे आणि मनगट टेबलाच्या कडेबाहेर ठेवा.
२. हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली धरा.
३. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर उचला.
४. आधार काढा आणि तीन-चार सेकंद घेत बाटली सावकाश खाली आणा.
५. असे १५ वेळा, दिवसातून तीनदा करा.

या व्यायामात थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेले राहिले, तर पाण्याचे प्रमाण कमी करा. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. याच काळात धीर सुटतो आणि व्यायाम बंद पडतो, हा माझा अनुभव. दुखणाऱ्या जागेवर कोणाकडून जोरात चोळून किंवा हात ओढून घेऊ नका.

इंजेक्शन घ्यावे का?

“डॉक्टर, एक सुई मारा आणि मोकळे करा,” असे रुग्ण म्हणतात. कोपर दुखत असताना माझ्याही मनात तेच आले होते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने पहिल्या सहा आठवड्यांत छान आराम पडतो, हे खरे. मात्र वर्षभर पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती व्यायाम करणाऱ्यांपेक्षा वाईट आढळली, आणि दुखणे उलटण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. आराम पडल्यावर माणूस पुन्हा जुन्याच पद्धतीने काम करू लागतो, हेही लक्षात घ्या. निर्णय अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावा.

वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाब, आम्लपित्त किंवा हृदयविकार असेल, तर या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

- पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर कोपर सुजले, किंवा ते पूर्ण सरळ होत नसेल.
- कोपर लाल, गरम झाले असेल आणि ताप असेल.
- बोटांना मुंग्या, बधिरपणा येत असेल किंवा हातातून वस्तू गळून पडत असतील.
- मान दुखून ती कळ हातात उतरत असेल.
- हात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा दम लागत असेल. अशा वेळी कोपराचा विचार करत बसू नका. तातडीने ईसीजी करून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चाळिशीनंतर टेनिस सुरू करणे सुरक्षित आहे का?
बहुतेकांना होय. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी तपासणी करून घ्या. वयाचे म्हणाल, तर रोहन बोपण्णाने महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेसह २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले आणि जानेवारी २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी. गुडघेदुखीत अय्यंगार योगाचा उपयोग झाल्याचे त्याने स्वतः सांगितले आहे. ही पद्धत आपल्या पुण्यातून जगभर गेली. तुम्ही-आम्ही बोपण्णा नाही, पण तयारी सांध्यांची आधी आणि फटक्यांची नंतर, हा धडा घेण्यासारखा आहे.

एल्बो बेल्ट वापरावा का?
कोपराच्या दोन बोटे खाली बांधलेल्या पट्ट्याने काम करताना काहींना आराम पडतो. मुंग्या येतील इतका घट्ट बांधू नका आणि झोपताना काढा. पट्टा व्यायामाची जागा घेत नाही.

दुखत असताना खेळ पूर्ण बंद करावा का?
सहसा नाही. दोन-तीन आठवडे बॅकहँड आणि जोरदार सर्व्हिस टाळा, भिंतीवर हळू सराव करा आणि दुखण्याच्या अंदाजाने वेळ वाढवा.

शेवटी

माझे कोपर शांत व्हायला जवळपास पाच महिने लागले. त्या काळात मी पाण्याच्या बाटलीचा व्यायाम केला, दोन हातांचा बॅकहँड नव्याने शिकलो आणि “टप्पा, फटका” म्हणत घराच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारले. आता रक्तदाबाच्या यंत्राचा फुगा विनातक्रार दाबता येतो आणि चेंडूही पूर्वीपेक्षा लांब जातो.

पुढच्या वेळी कोर्टवर गेलात, की या आठपैकी फक्त पहिली युक्ती करून पाहा. पकड सैल करा आणि पंधरा मिनिटे खेळा. बाकीच्या एकेक करून, आठवड्याला एक, या वेगाने घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. दुखणे तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिल्यास आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा.*